समोरचं दुकान

चिंचेच्या तालमीकडून आत वळलं
की डाव्या हाताला हेंद्र्यांचं दुकान.
रुंदी साडेसात फूट. आत बाल्साचे तक्ते,
उजेडाकडे धरले की शिरा दिसाव्यात इतके पातळ,
आणि छताला टांगलेली अकरा विमानं
ज्यांची किंमत विचारायची नसते.

मी नववीत होतो तेव्हा तिथेच शिकलो
की पंख दोन बोटांच्या टोकांवर तोलायचा.
शेपूट खाली गेली तर नाकात शिसं.
"घाई केलीस की कागद सुरकुततो,"
एवढंच बोलायचे ते,
तेही कागदाकडे बघून.

मग समोर रणपिसेनं दुकान टाकलं.
तोही तिथलाच. सात वर्षं त्याने
हेंद्र्यांचा भुसा झाडला, गिऱ्हाईक ओळखलं,
कुठला माल कुठून येतो ते वहीत उतरवलं.
काचेचं दार, गार हवा, भाव निम्मा.
निम्म्यात त्याला घरातसुद्धा पडत नसणार
हे आम्हा सगळ्यांना कळत होतं,
आणि आम्ही पिशव्या घेऊन जात होतो.

मुंबईच्या व्यापाऱ्याकडचा तीन मिलिमीटरचा माल
त्याने अख्खाच उचलला.
हेंद्रे मोतीबिंदूसाठी आठवडाभर गेले
तेव्हा त्यांच्या शटरवर कागद लागला:
हे दुकान कायमचे बंद. चौकशी समोर करावी.

काळा चष्मा लावून ते रिक्षातून उतरले,
नाक टेकेल इतक्या जवळून कागद वाचला,
नखाने सोलून काढला,
मागची बाजू हुंगली.
"गोंद आपल्याकडचाच आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दाराशी पाटी, खडूने
रोजची तारीख,
खाली एकच शब्द: उघडे.

रविवारी तळजईवर जमलो.
वारा छान होता, तरी विमानं खोक्यातच.
जोगदंड बाई म्हणाल्या, हा सरळ अन्याय आहे.
खिंवसरा म्हणाला, धंदा आहे, चालायचंच,
आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले,
कारण तो आमच्याच मनातलं बोलला होता.
ठरलं, समोर कुणी पाय ठेवायचा नाही.
मी हात वर केला.
दुसरा हात पिशवीत होता, एका मोटारीवर,
जिचं लेबल मी सकाळीच ब्लेडने खरवडलं होतं.

नंतर हेंद्र्यांकडे रांग लागली.
कधी नव्हे ती.
आम्ही तक्ते घेत सुटलो, लागोत न लागोत,
माळ्यावर, पलंगाखाली, गणपतीच्या मखरामागे
बाल्साच बाल्सा.
तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
नव्या भिंगातून, पहिल्यांदाच नीट.

"मागचे संपले?"
नाही.
"मग हा कशाला?"
मी काहीतरी पुटपुटलो.
"हे लाकूड आहे," ते म्हणाले, "वर्गणी नाही.
ठेवून ठेवून वाकडं होईल.
आधी काही करून आण."
आणि तक्ता परत कपाटात सरकवला.

समोर काचेआड रणपिसे उभा होता.
आमच्याकडे बघत होता की काचेतल्या स्वतःकडे,
इथून कळत नव्हतं.
त्याच्या एसीचं पाणी पायरीवर ठिबकत होतं.
दार ढकलून एक पोरगी बाहेर आली,
हातात नवंकोरं खोकं,
रस्ता ओलांडला आणि थेट इकडे:
"काका, याची शेपटी कशी बसवायची?
ते म्हणाले, तुम्हाला विचार."

मला वाटलं, आता बोलतील.
हेंद्र्यांनी खोकं उघडलं,
गल्ल्यावरची बिलबुकं बाजूला सारली,
तुकडे जुळवले, टाचण्या लावल्या,
आणि दोन बोटांवर तोलून धरलं.
दुकानात कुणी हललं नाही.
"शेपूट जड आहे," म्हणाले,
आणि शिशाचा खण उघडला.

"किती द्यायचे?"
"उडलं तर येऊन सांग."

मी पिशवी
या हातातून त्या हातात घेतली.